पडझडीचें सरपण

श्रोतेहो, वादळाची हकीकत सांगणारा मनुष्य बहुधा वादळापाशींच थांबतो. वारा किती होता, लाटा किती उंच उठल्या, छपरें कशीं उडालीं, हें सांगून झालें कीं त्याचें सांगणें संपतें. माझें भाषण तेथून पुढें सुरू होणार आहे. वारा पडल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत, वाटेवर, विहिरीच्या काठीं जीं झाडें आडवीं होऊन पडलेलीं असतात त्यांचें पुढें काय होतें, तीं कोण तोडतो, आणि तोडण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण गेल्या चारशें वर्षांत आमच्या कोंकणच्या किनाऱ्यावर राज्यें बदललीं तसतसें ह्या प्रश्नाचें उत्तरही बदलत आलें आहे, आणि ज्याची चूल त्या उत्तरावर पेटते त्याला हा विषय लहान वाटत नाहीं.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढून आलें तेव्हां मी श्रीवर्धन तालुक्यांतील एका खेड्यांत होतों. टाळेबंदीमुळें गांवीं येऊन अडकलेल्या मुंबईकरांपैकीं मी एक. दुपारीं साडेबाराच्या सुमारास वाऱ्यानें रूप बदललें. ताशीं ११० ते १२० किलोमीटरच्या वेगानें तो वाहत होता, हें आम्हांला मागाहून कळलें. त्या वेळीं एवढेंच कळत होतें कीं आपण माजघराच्या भिंतीला पाठ लावून बसलों आहों आणि बाहेर एकामागून एक झाडें पडत आहेत. नारळ पडतो तो धप्प करून, एकदांच. आंब्याचें तसें नाहीं. आधीं मुळें तुटल्याचा कडकडाट होतो, मग पानांचा मोठा सुस्कारा ऐकूं येतो, आणि शेवटीं असा धक्का बसतो कीं घरांतली जमीन हालते. संध्याकाळीं दार उघडून पाहिलें, तों परसांतून कधींही न दिसणारा डोंगर उघडा दिसत होता. मध्यें जी वाडी होती ती निजली होती. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचें नांव सर्वांनीं ऐकलें असेल. तिच्या बागाच्या बागा कमरेंतून मोडून पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं वीज नव्हती, आणि पुढें कित्येक दिवस ती आली नाहीं. रस्ते झाडांनीं अडल्यामुळें गॅसची गाडीही येईना. ज्यांनीं चूल मोडून तिच्या जागीं ओटा बांधला होता त्यांनीं अंगणांत तीन दगड मांडले. अशा वेळीं आमच्या मागच्या गडग्यापाशीं एक वृद्ध कातकरीण येऊन उभी राहिली. तेथें आमची हद्द संपते आणि राखीव जंगल लागतें. बरोबर त्या हद्दीवरचा एक मोठा ऐन उन्मळून पडला होता. त्याचा बुंधा जंगलाच्या बाजूस आणि शेंडा आमच्या आवारांत. ती बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिली आणि मग तिनें विचारलें, "दादा, ह्ये झाड कुनाचं म्हनायचं?"

मी तिला म्हटलें, "आजी, घेऊन जा तुम्हांला हव्या तेवढ्या फांद्या." पण हें तिच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, हें तिलाही समजलें आणि मलाही. खरें उत्तर मला ठाऊक नव्हतें. पुढें जें वाचलें त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

कोंकणांत 'अगोट' म्हणजे काय हें घांटावरील श्रोत्यांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. चार महिने जेथें ऊन दिसण्याची खात्री नाहीं तेथें पावसाळ्याचें सगळें साहित्य मृगापूर्वीं घरांत यावें लागतें. धान्य, मीठ, सुकी मासळी, मसाला, पापड हे तर आहेतच. पण ह्या सर्वांना शिजविणारें जें सरपण तें नसेल तर बाकीची बेगमी व्यर्थ. म्हणून लांकूड तोडण्याचें काम भर उन्हाळ्यांत होतें. ह्यांत हौस नाहीं, हिशेब आहे. ओल्या लांकडाच्या वजनांत कित्येकदां निम्मा भाग पाण्याचा असतो. असें लांकूड चुलींत घातलें तर अग्नीची बरीचशी शक्ति तें पाणी उकळून उडविण्यांतच जाते, आणि घरांत धूर मात्र भरतो. तेंच लांकूड फोडून चैत्र-वैशाखाच्या उन्हांत पसरलें तर पाऊस पडेपर्यंत तें वाजतें. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत आवाज आला कीं बायका म्हणतात, आतां रचायला हरकत नाहीं. न फोडलेला ओंडका मात्र साल अंगावर असेपर्यंत वर्ष वर्ष आंतून ओला राहतो.

निसर्ग वादळाची क्रूरता ह्या हिशेबांत होती. तें वैशाखांत आलें असतें तर पडलेल्या झाडांना वाळावयास वेळ मिळाला असता. तें आलें ३ जूनला. आणि मोसमी पाऊस हर्णैपर्यंत येऊन पोहोंचला ११ जूनला. मध्यें अवघा एक आठवडा. शिवाय वादळापूर्वीं रचलेलें सरपण छपरें उडाल्यामुळें भिजून गेलें होतें. म्हणजे गांवांत एवढें लांकूड पडलें होतें कीं वाट चालतां येऊं नये, आणि जाळण्याजोगी काटकी मिळेना.

त्या आठवड्यांतला उकाडा मी विसरणार नाहीं. वादळानें हवा थंड होते अशी पुष्कळांची समजूत असते. येथें तर जिच्या सावलींत बसावें ती झाडेंच पडलेलीं. पत्रे उडालेलीं घरें. आकाश धुतल्यासारखें आणि हवेंत समुद्राचा दमटपणा. माणसें पहांटे चारला उठून, पेज पिऊन कामास लागत, दहाला कोयता खालीं ठेवीत आणि पुन्हां ऊन कलल्यावर उचलीत. मधल्या वेळांत लोखंडाला हात लावण्याची सोय नव्हती.

उभें झाड तोडणें आणि पडलेलें झाड तोडणें ह्या दोन निराळ्या विद्या आहेत, हें मला तेव्हां कळलें. उभें झाड आपल्या वजनानें सरळ उभें असतें. तें कोणत्या अंगास पडेल हें ठरवून घाव घालतां येतो. पडलेल्या झाडांत मात्र ओढाताण कोंडून राहिलेली असते. खोड दोन ठिकाणीं टेकलें असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली व खालची ताणलेली असते. वरून करवत चालविली कीं अर्ध्या वाटेवर फट मिटते आणि पातें असें पकडलें जातें कीं पाचर ठोकल्याखेरीज सुटत नाहीं. एकच टोंक टेकून दुसरें अधांतरीं असेल तर सारें ह्याच्या उलट. सर्वांत भय मुळांचें. उन्मळलेल्या आंब्याच्या मुळांबरोबर मातीची प्रचंड थाळी उभी राहिलेली असते. खोड कापून तिचा भार हलका केला कीं ती थाळी एकदम मागें, आपल्या खड्ड्यांत जाऊन बसते. त्या खड्ड्यांत पोरें खेळत नाहींत ना, हें आमचा सुतार प्रत्येक वेळीं वांकून पाहत असे आणि मगच शेवटचा हात मारीत असे. फांद्यांत लाल मुंग्यांचीं घरटीं, आंब्याचा चीक अंगावर उडाला कीं कातडी भाजल्यासारखी होई, आणि तुटलेल्या विजेच्या तारा कोठें पानांखालीं दडल्या आहेत कोण जाणे! यांत्रिक करवती गांवांत दोन होत्या. त्यांच्यासाठीं लागणारें पेट्रोल मिळविणें ही निराळीच कथा. बाकी काम कुऱ्हाड, कोयता, घण आणि पाचर ह्यांवर चाललें.

लांकडालांकडांत जातिभेद आहे तो सरपणांत फार उघडा होतो. ऐन, किंजळ ह्यांचा निखारा टिकतो. सुरूचें लांकूड उत्तम जळतें, पण तें ओलें असतांनाच फोडावें. वाळलें कीं कुऱ्हाडीला दाद देत नाहीं. आंबा ताबडतोब फाडला नाहीं तर पावसांत त्याला बुरशी लागते. नारळाच्या खोडाला आंब्यासारखीं वर्तुळें नसतात. बाहेरचा भाग कठीण, आंतला भुसभुशीत आणि सगळे धागेच धागे. त्यामुळें तें कुऱ्हाडीनें सरळ फुटत नाहीं आणि चुलींत मन लावून जळतही नाहीं. तरीही तें हलवावें लागतेंच, कारण कुजणाऱ्या माडांत गेंड्या भुंगा अंडीं घालतो आणि त्याची पुढची पिढी उरल्यासुरल्या उभ्या माडांचे कोंब पोखरते. सुपारीचा सोट उभा चिरून मांडवाला किंवा पन्हळीला वापरण्याची जुनी चाल आहे. पण एका वाडींत शेंकडों सोट एकाच दिवशीं पडले तर इतके मांडव घालायचे कोणीं आणि कोणाच्या लग्नाला?

आतां इतिहासाकडे वळूं. ह्या किनाऱ्यावरील जुन्या वादळांविषयीं बोलतांना सावध राहिलें पाहिजे. १८८२ च्या जूनमध्यें मुंबईंत लाखभर माणसें मेल्याचें एक वादळ पुष्कळ याद्यांतून छापलेलें आढळतें. संशोधकांनीं शोध घेतला तेव्हां तसें वादळ त्या दिवशीं झाल्याचा कांहींच पुरावा मिळाला नाहीं. पण १५ मे १६१८ चें वसईचें वादळ खरें आहे. वसई त्या वेळीं पोर्तुगीजांकडे होती. त्या वर्षीं आधीं रोगराई झाली होती. मग भर उन्हाळ्यांत हें वादळ आलें. समुद्राचें पाणी आंत शिरलें, मठांचीं व देवळांचीं छपरें उडालीं, होड्या फुटल्या आणि हजारों माड मुळासकट उपटून आडवे झाले. त्यानंतर पाऊस न येतां दुष्काळ पडला. इतिहासकार येथें मठांच्या छपरांवर थांबतात. माझें लक्ष त्या हजारों माडांकडे जातें. ज्या माणसानें ते लावले होते त्याला वर्षभराचें तेल, झांवळी, काथ्या आणि सारा भरण्याचा पैसा ह्यांपैकीं आतां कांहींही मिळणार नव्हतें. मिळणार होतें तें फक्त न जळणारें जळण. वादळानें पडलेल्या फळझाडाचें लांकूड म्हणजे लाभ नव्हे. तें मोडलेल्या भांडवलाचे तुकडे असतात.

हें ज्या राज्यकर्त्यांना समजलें त्यांचे दोन कागद आपल्या सुदैवानें उरले आहेत. पहिला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यांत, चिपळूण भागांत छावणीस असलेल्या लष्करच्या अधिकाऱ्यांना धाडलेला. महाराजांची चिंता अगदीं घरगुती आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण तुम्ही आतांच उधळली तर पुढें मिळणार नाहीं. मग तुमचे लोक रयतेच्या घरांत शिरतील, कोणी धान्य आणील, कोणी गवत, कोणी भाजी. ह्या यादींत 'फाटे' हा शब्द आहे. फाटे म्हणजे सरपण. गरीब कुणब्यानें उन्हाळ्यांत फोडून रचलेली लांकडाची रास शिपायानें उचलली तर रयतेला मोगल बरा वाटूं लागेल, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. राज्य स्थापणाऱ्या पुरुषाला एका मोळीची किंमत राज्याच्या किंमतीशीं जोडतां आली, ही गोष्ट मला त्यांच्या कित्येक विजयांहून मोठी वाटते.

दुसरा कागद रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र'. तें १७१५ च्या सुमाराचें, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींतलें. (त्यांतील झाडांविषयींचा मजकूर हल्लीं भिंतींवर शिवाजी महाराजांच्या नांवानें रंगविलेला दिसतो, विचार त्यांच्या परंपरेचा खरा, लेखणी अमात्यांची.) आरमाराच्या प्रकरणांत अमात्य सांगतात कीं, गलबतांना सोट, डोलकाठ्या, फळ्या लागतात, त्यासाठीं स्वराज्यांतील अरण्यांतून सागासारखीं झाडें हुकूम घेऊन तोडावीं व कमी पडतील तीं परमुलखांतून विकत आणावीं. आंबा-फणसाचीं लांकडेंही उपयोगी खरीं, पण त्यांना हात लावूं नये. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड फार जुनें होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानें तोडून न्यावें. बलात्कार सर्वथा करूं नये. पडलेल्या झाडाचा उल्लेख येथें स्वतंत्रपणें नाहीं. पण उतरणीला लागलेल्या झाडावरही लावणाऱ्याची मालकी अबाधित आहे, हा नियम स्पष्ट आहे. राजाला लांकूड हवें तर तो गिऱ्हाईक म्हणून येईल.

इंग्रजांच्या अमलांत ही मांडणी पालटली. त्यांनाही प्रथम सागच हवा होता, मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्यासाठीं. १८४७ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमलें. हे गृहस्थ पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख, व्यवसायानें शस्त्रवैद्य. जंगल उजाड होत आहे ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण १८५३ मध्यें मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि रुळांखालच्या लांकडांसाठीं व मुंबई शहराच्या जळणासाठीं ठाणें-कुलाब्याच्या डोंगरांवर कुऱ्हाड पडूं लागली ती कांहीं कातकऱ्याच्या मोळीमुळें नव्हे. १८६५ चा जंगलचा कायदा, मग १८७८ चा अधिक कडक कायदा, आणि त्याचें पुढचें रूप म्हणून १९२७ चा कायदा. ह्या शेवटल्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमांत 'टिंबर' ह्या शब्दाची व्याख्या आहे आणि तींत पडलेलीं झाडें अगर पाडलेलीं झाडें ह्या दोहोंचाही समावेश केला आहे. कुऱ्हाडीनें पाडलेलें आणि वाऱ्यानें पाडलेलें, कायद्याला सारखेंच. पुढें एक सबंध प्रकरण पाण्यांतून वाहत आलेल्या व किनाऱ्याला लागलेल्या लांकडाविषयीं आहे. मालकी सिद्ध होईपर्यंत तेंही सरकारचें समजावयाचें. वारा आणि पूर ह्यांना पूर्वीं कोणी सरकारी नोकरींत घेतलें नव्हतें.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच उत्पन्न झाला असें मात्र नाहीं. जर्मनींतील ऱ्हाईन प्रांताच्या विधिमंडळांत लांकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली तेव्हां रानांत आपोआप गळून पडलेल्या काटक्या वेंचणें हीही चोरीच, असें धरण्यांत आलें. त्यावर १८४२ सालीं कोलोनच्या 'ऱ्हाइनिश त्सायटुंग' पत्रांत चोवीस वर्षांच्या एका पत्रकारानें लेखमाला लिहिली. त्याचें म्हणणें असें कीं, उभें झाड तोडणारा मालकापासून कांहींतरी तोडून नेतो. पण गळालेल्या फांदीला झाडानेंच आपल्यापासून वेगळें केलेलें आहे, सर्पानें टाकलेल्या कातेप्रमाणें. तेव्हां ही वेंचणी चोरी कशी? त्या पत्रकाराचें नांव कार्ल मार्क्स. अर्थशास्त्राकडे आपण ज्या प्रश्नांमुळें वळलों त्यांत हा लांकूडचोरीचा प्रश्न होता, असें त्यानें पुढें स्वतःच नमूद केलें आहे. त्याचीं पुढचीं मतें कोणास पटोत न पटोत. कातेचा दृष्टान्त देणाऱ्यानें सरपण वेंचणारीं माणसें जवळून पाहिलीं असावींत, असें मला वाटतें.

आपल्याकडे ही तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत मांडली. ज्याची शेती थोडी तो पूर्वीं जवळच्या डोंगरांतलीं फळें खाऊन, पानें-फुलें व लांकूडफाटा विकून साऱ्यापुरता पैसा उभा करी. जंगलखात्यानें ती वाट बंद केली, असें ते सांगतात. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला कीं सरकारला चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. त्यांत राबाचा प्रश्न मोठा होता. भाताचें बी पेरण्यापूर्वीं उन्हाळ्यांत जमिनीवर डहाळ्या, पाला, शेण पसरून भाजण्याची ही रीति. डहाळी मिळाली नाहीं तर राब नाहीं. एकाच उन्हाळ्यांत एकच फांदी कुणब्याला शेतासाठीं हवी, त्याच्या घरच्या चुलीला हवी आणि मुंबईच्या वखारवाल्यालाही हवी. वखारवाल्याकडे परवाना असे.

ह्या साऱ्याचा स्फोट १९३० सालीं झाला. मिठाचा सत्याग्रह पावसाळ्यांत चालविणें कठीण, आणि समुद्रापासून दूर असलेल्यांना मीठ कोठून मिळणार? तेव्हां जंगल हें सत्याग्रहाचें क्षेत्र झालें. १० जुलै रोजीं बापूजी अण्यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतलें गवत कापलें. आमच्या कुलाबा जिल्ह्यांत, उरणजवळच्या चिरनेर गांवीं, २५ सप्टेंबर १९३० रोजीं आसपासच्या खेड्यांतले लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. गोळीबार झाला. आठ ग्रामस्थ हुतात्मे झाले, आणि त्या गोंधळांत मामलेदारही मृत्युमुखीं पडले. इतिहासाच्या पुस्तकांत ह्याला कायदेभंग म्हणतात व तें बरोबरच आहे. पण जे डोंगर चढत होते त्यांच्या हातांतलें कोयतें हें कांहीं निशाण नव्हतें. तें रोजचें हत्यार होतें. त्यानेंच ते एरवीं पडलेली फांदी छाटीत आणि त्याबद्दल दंड भरीत.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी थोडक्यांत सांगतों. १९२७ चा कायदा, आणि त्याची ती व्याख्या, स्वराज्यानेंही चालू ठेवली. १९६४ सालीं महाराष्ट्रानें खासगी जमिनीवरील आंबा, फणस, साग, ऐन, खैर वगैरे झाडांच्या तोडीलाही परवानगीचें बंधन घातलें; हेतु चांगला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली आणि त्या यादींत झुडपी लांकूड व खुंट हे शब्द स्पष्ट घातले. बुंधा मात्र त्या यादींत नाहीं. १९२७ च्या व्याख्येनें जें एकत्र बांधलें होतें त्याची एक गांठ अशा रीतीनें सुटली, दुसरी राहिली.

आतां पुन्हां आमच्या गडग्याशीं येऊं. त्या आठवड्यांत एक नवाच पेंच उभा राहिला. नुकसानीचा पंचनामा व्हावयाचा होता. पडलेलें झाड पंचनाम्याआधीं तोडून हलविलें तर तें मोजलें जाणार नाहीं, अशी लोकांना धास्ती. आणि न तोडावें तर पाऊस दाराशीं. सगळीकडून एकदम मागणी आलेली, रस्ते बंद, माणसें थोडीं. मोजणारे तरी किती ठिकाणीं पुरणार? आमच्या शेजाऱ्यानें युक्ति केली. प्रत्येक सुपारीचा खुंट तेवढा राखून त्यावर चुन्याचा ठिपका दिला आणि सोट बाजूला काढले. दुसऱ्या एका घरीं वृद्ध आईनें आपल्या सासऱ्यांनीं लावलेल्या हापुसाला पंचनामा होईपर्यंत कोणाला शिवूं दिलें नाहीं. मोजणी झाली तेव्हां पाऊस लागून राहिला होता, आणि त्या आंब्याचा फार थोडा भाग चुलीपर्यंत गेला. ती म्हणे, जिवंतपणीं त्यानें चार पिढ्यांना खायला घातलें, आतां जळाला नाहीं तर नाहीं. हें बोलणें शहाणपणाचें नव्हतें. पण अमात्यांनीं लेंकराची उपमा कां दिली असेल हें मला त्या दिवशीं समजलें.

कातकरी आजी दुसऱ्या दिवशीं पहांटे दोन नातींना घेऊन आली. ऐनाच्या शेंड्याकडच्या मनगटाएवढ्या फांद्या तिनें कोयत्यानें अशा भराभर छाटल्या कीं आमचा सुतार काम थांबवून पाहत उभा राहिला. हातभर लांबीचे तुकडे करून, जाड तेवढे उभे फोडून, तिनें ते आमच्याच उघड्या पडलेल्या कातळावर पसरले. कातळ तापतो, त्यावर लांकूड दोन्ही अंगांनीं वाळतें, हें तिनें नातींना सांगितलें. सहा दिवसांनीं, आभाळ भरून आलें त्या संध्याकाळीं, तिघींनीं चार खेपा केल्या. जातांना तिनें आमच्या चुलीसाठीं एक लहान मोळी ओटीवर ठेवली. मीं नको म्हटलें तर तिनें ऐकलें नाहीं. शेंडा तुमच्या आवारांत होता, म्हणाली.

मीं बुंध्याकडे बोट दाखवून विचारलें, "आणि तो? पावसानंतर न्याल?"

"नाय दादा. तो सायबाचा."

साहेब कोणी आला नाहीं. श्रावणांत त्या बुंध्यावर पांढऱ्या अळंब्या उगवल्या. पुढच्या वैशाखांत, १७ मे २०२१ च्या सुमारास, 'तौक्ते' वादळ आमच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे सौराष्ट्राला गेलें. त्यानंतर मी पुन्हां गांवीं गेलों तेव्हां तो बुंधा तेथेंच होता. सालीखालीं वाळवीनें मातीचे बोगदे बांधले होते, आणि कुऱ्हाडीचा दांडा आपटला तर आवाज येत नव्हता.